दात पांढरे करायचेत? आधी ते पिवळे का, ते बघू

लोकलमध्ये असाल तर हेडफोन लावा, घरी असाल तर आरशासमोर जा. आज दात विचकून बोलायचंय.

तर झालं असं. मागच्या हिवाळ्यात आमच्या ताईचा साखरपुडा झाला, उल्हासनगरला. फोटो आले. सगळे स्वतःला झूम करून बघतात, तसं मीही बघितलं. अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यांत पिवळे दात माझे! लग्नाला वीस दिवस होते. रात्रीच फोनवर शोधाशोध सुरू. एका रीलमध्ये लिंबू आणि खायचा सोडा, दुसऱ्यात कोळशाची काळी पावडर, तिसऱ्यात निळ्या लाइटचं किट. मी काय केलं? तिन्ही केलं. हो, हसा.

दहाव्या दिवशी बदलापूर स्टेशनबाहेर गार ताकाचा एक घोट घेतला आणि कळ थेट कानापर्यंत गेली. लग्नात आईस्क्रीम नाही, गरम जिलेबी नाही. ताईच्या लग्नात मी वरणभात कोमट करून खाल्लाय, मंडळी.

मग अंबरनाथला एका डेंटिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "काय काय लावलंत?" मी यादी वाचली. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्यांनी जे समजावलं ते सांगतो. दाताच्या वरचा थर म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातली सगळ्यांत कडक गोष्ट, हाडापेक्षाही कडक. पण हाड मोडलं तर जुळतं, इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. ते थोडं पारदर्शक असतं, आणि त्याच्या खाली असतं डेंटिन, जे मुळातच पिवळसर. म्हणजे निरोगी दातसुद्धा कागदासारखा पांढराफेक नसतोच. आणि आता गंमत बघा: खरखरीत पावडरीने घासून इनॅमल पातळ केलं, की खालचं पिवळं जास्त दिसायला लागतं. मी दहा दिवस मेहनत करून दात आणखी पिवळे करायच्या मार्गावर होतो!

लिंबाचं तर विचारूच नका. आम्लता मोजायचा जो पीएच असतो, तो साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लिंबाचा रस दोनच्या आसपास. आधी लिंबाने मऊ करायचं, मग ब्रशने खरवडायचं. शाब्बास.

खरं ब्लीचिंग वेगळं असतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि डाग देणारे मोठे रेणू फोडतं. आपल्या पट्ट्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. उल्हासनगरात जीन्सचा रंग उडवतात ना? केमिकल वेगळं, कल्पना तीच. आणि पेरॉक्साइड तर आपल्या शेजारचंच: कल्याणजवळ वडवलीचा नॅशनल पेरॉक्साइडचा कारखाना कित्येकांना माहीत असेल. कारखान्यातलं पेरॉक्साइड कापड आणि कागद पांढरं करायला जातं, ते जबरदस्त तीव्र असतं. तोंडात काय जातंय, तर सगळा खेळ टक्क्यांचा.

युरोपात 2012 पासून नियम असा आहे, की दुकानातून कुणीही घेईल अशा वस्तूत 0.1 टक्क्यापर्यंतच हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या वर 6 टक्क्यांपर्यंतचं डेंटिस्टच्या हाताखाली, आणि 18 वर्षांखालच्यांना नाहीच. घरी ट्रेमध्ये घालायला डॉक्टर बहुतेकदा 10 टक्के कार्बामाइड जेल देतात, ते साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकं पडतं. माझ्या किटच्या डब्यावर? टक्का लिहिलेलाच नव्हता. लाइट मात्र मस्त चमकत होता.

डॉक्टरकडे केलं तरी दोन-चार दिवस ठणक लागू शकते, ती सहसा जाते. पण आधी कीड आहे का, हिरड्या कशा आहेत, हे बघायला लागतं. किडक्या दातात जेल गेलं तर बोंबाबोंब. आणि कॅप किंवा फिलिंग पांढरं होत नाही, आजूबाजूचे दात तेवढे उजळतात आणि ते एकटंच वेगळं दिसतं. माझा एक मित्र यवतमाळकडचा, त्याच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आहेत. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. दात बनतानाच बसलेला डाग तो, घासून कसा जाईल? कॉलेजात आम्ही त्याला 'ब्रश कर रे' म्हणायचो. आता लाज वाटते.

माझं निदान काय निघालं? चहा, आणि दोन वर्षं साफ न केलेला थर. एकदा स्केलिंग, बस्स. व्हायटनिंगची गरजच नव्हती.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मॅडमनी सहज विचारलं, "घरात कुणी मिश्री लावतं का?" माझी आजी लावते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, सकाळ-संध्याकाळ दातांना. तिच्या हिशोबाने ते दात स्वच्छ ठेवायचं साधन, माझ्या कोळशाच्या पावडरीसारखंच. फरक एवढाच, की यात तंबाखू आहे, म्हणून सुटत नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 मध्येच सरकारने बंदी केली, सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये ती कायम ठेवली. पण स्वयंपाकघरातल्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार?

घरी येऊन मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हटलं, "आजी, आ कर." गालाच्या आत, मिश्री ठेवते त्याच बाजूला, एक पांढरा चट्टा. कापसाने पुसून बघितला, जात नाही. दुखत नाही म्हणून ती कधी बोललीच नव्हती. मॅडमना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, घेऊन या, उशीर करू नका.

आजी म्हणते, "तुझे दात बघ आधी, माझे अजून ऊस खातात." शनिवारी सकाळी नेतोय तिला. रिक्षावाल्या काकांना सांगून ठेवलंय. मिश्रीची डबी सध्या माझ्या बॅगेत आहे, आणि ती ती सगळीकडे शोधतेय.