बदाम सात

पत्त्यांचे नाव काढताच जुगार आठवून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘बदाम सात’ हा घरगुती खेळ मात्र निव्वळ आकड्यांच्या क्रमाचा आहे. प्रत्येक रंगाची पाने १३. सत्ती नेमकी मध्यावर, तिच्या खाली ६, वर ६. बदामाच्या सत्तीने डाव उघडतो. पुढे एका अंगास छक्की, दुसऱ्या अंगास अठ्ठी, अशी रांग एक्क्यापासून राजापर्यंत वाढते. इतर रंगही आपापल्या सत्तीनेच उघडतात. अठ्ठी दाबून ठेवणारा इतरांची नव्वी-दश्शी अडवतो. पण त्याच अठ्ठीमागे त्याचा स्वतःचा राजाही अडकून पडतो. हात प्रथम रिकामा होईल तो जिंकतो. अडवावे किती आणि वाट द्यावी केव्हा, हा हिशेब आजोबा व नातू येथे एकाच सतरंजीवर बसून शिकतात.