विशेषणाचे लिंग आणि शिकणाऱ्याची चूक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात, याच शाळेत मी मराठी लिहावयास शिकलो. आज मात्र मी स्पॅनिश भाषेतील विशेषणांविषयी बोलणार आहे. बेळगावच्या मराठी शाळेत हा विषय कशासाठी, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे उत्तर ओघाने येईलच.

सत्तरी ओलांडल्यावर मी नातीच्या शेजारी बसून स्पॅनिश शिकू लागलो. या भाषेत नामांची लिंगे दोनच, पुल्लिंग व स्त्रीलिंग. विशेषण बहुधा नामानंतर येते आणि नामाचे लिंग व वचन स्वीकारते. 'लिब्रो' म्हणजे पुस्तक. ते पुल्लिंगी, म्हणून पांढरे पुस्तक 'लिब्रो ब्लांको'. 'कासा' म्हणजे घर. ते स्त्रीलिंगी, म्हणून पांढरे घर 'कासा ब्लांका'. अनेकवचनी 'लिब्रोस ब्लांकोस' आणि 'कासास ब्लांकास'. आपल्या 'पांढरा, पांढरी, पांढरे' यांची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. आपले 'लाल' जसे लिंगानुसार बदलत नाही, तसे 'वेर्दे', म्हणजे हिरवा, हेही बदलत नाही. मात्र अनेकवचनाचा 'स' त्यालाही लागतो : 'कासास वेर्देस'.

मुलगा आणि मुलगी दोघेही थकली, तर आपण 'ती दोघे थकली' असे नपुंसकलिंगी रूप योजतो. स्पॅनिशमध्ये अशा वेळी पुल्लिंगी अनेकवचन येते. थकलेला मुलगा 'कान्सादो', थकलेली मुलगी 'कान्सादा', दोघे मिळून 'कान्सादोस'. व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मला हे सारे एका आठवड्यात समजले, आणि मी निर्धास्त झालो.

त्यानंतर 'मानो' हा शब्द आला. मानो म्हणजे हात. आपला हात पुल्लिंगी, शिवाय शब्दाच्या शेवटी ओकार. मी आत्मविश्वासाने 'मानो ब्लांको' म्हणालो. नात म्हणाली, "आजोबा, मानो स्त्रीलिंगी आहे. ब्लांका म्हणा." मी विचारले, "का?" ती म्हणाली, "तसंच आहे ते." उलट 'मापा', म्हणजे नकाशा, आकारान्त असूनही पुल्लिंगी! नियम मला पाठ होता. तरी महिनाभर माझी जीभ मराठीच्या वळणाने जात राहिली.

त्या महिन्यात मला माझा एक जुना विद्यार्थी वारंवार आठवला. त्याच्या घरी कन्नड बोलली जाई. तो मराठी निबंधात 'मोठा नदी', 'मोठा घर' असे लिही. मी लाल शाईने रेघा ओढी आणि वर 'निष्काळजीपणा' असा शेरा देई. त्याने एकदा विचारले, "सर, नदी मोठीच का?" मी म्हणालो, "तसेच आहे." पुढील वर्षी त्याने मराठी विषय सोडला.

कन्नडमध्ये 'दोड्ड हुडुग', 'दोड्ड हुडुगि', 'दोड्ड मने' : मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठे घर. तिन्ही ठिकाणी 'दोड्ड' तेच राहते. लिंगभेद तेथेही आहे. परंतु तो प्रामुख्याने माणसांतील स्त्री-पुरुषांपुरता. नदी आणि घर यांना तेथे वेगवेगळे लिंग नाही. विशेषणाने नामामागे रूप बदलावे ही सवयच ज्याच्या भाषेत नाही, त्याची ती चूक निष्काळजीपणाची कशी? तो आपल्या मातृभाषेशी प्रामाणिक होता, जसा 'मानो ब्लांको' म्हणताना मी होतो. फरक इतकाच की, माझी चूक नातीने हसून सुधारली.

यावर उपाय साधा आहे. स्पॅनिश शिकविणारे नवख्याला नुसते 'मानो' पाठ करू नका, 'ला मानो' असे उपपदासह पाठ करा, असे सांगतात. पुल्लिंगी नामास 'एल', म्हणून 'एल मापा'. लिंग मागाहून चिकटविण्याची गोष्ट नव्हे, ते शब्दाबरोबरच मनात रुजावे लागते.

मित्रहो, आपले गुरुजी फळ्यावर कधी नुसता शब्द लिहीत नसत. 'तो डोंगर, ती नदी, ते घर' असेच लिहीत आणि आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेत. वर्गात कन्नड घरांतील मुले होती, उर्दू घरांतील होती. ही बालवर्गाची पद्धत आहे, असे मला पुढे पदव्या मिळाल्यावर वाटू लागले होते. ती किती जाणतेपणाची होती, हे मला या वयात एका परक्या भाषेने शिकविले. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी तीन अक्षरे अधिक द्यावयास हवी होती : तो, ती, ते. या शाळेतील शिक्षकांनी ती द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.