पाण्याचें मूळ डोंगरांत
(दुष्काळ निवारण समितीच्या सभेंत केलेलें भाषण)



इ. स. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपणां सर्वांच्या स्मरणांत आहे. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें. पुढें एका खेपेस पंचवीस लक्ष येऊं लागलें. पाठविणाऱ्यांचे उपकार लातूर विसरणार नाहीं. परंतु मांजराकांठच्या शहरास कृष्णेचें पाणी इतक्या दुरून कां आणावें लागावें, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसूं देत नाहीं.

पाऊस चुकला हें खरें, व उरल्या पाण्यावर उंसाचा भार होता हेंही खरें. तथापि कारण एवढेंच नव्हे. मांजरा बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावून धनेगांवच्या धरणांत येते; त्यावरच लातुराची तहान भागते. आपल्याकडील काळा फत्तर मुळांतच पाणी थोडें धरितो. त्यावर माती व गवत असेल तर पाऊस मुरतो व झऱ्यांवाटे नदीस मिळतो. डोंगर उघडा पडला म्हणजे तेंच पाणी माती घेऊन धांवतें. विहिरी कोरड्या राहतात व धरणांत गाळ साचतो. लातूर जिल्ह्यांत वनाखालील भूमि शंभरांत एक भागही नाहीं. नांदेडकरांजवळ किनवट-माहूरचें रान अद्याप आहे. तें त्यांनीं जिवापाड जपावें.

त्याच वर्षीं लातूरकरांनीं वर्गणी जमवून मांजरेचें पात्र उकरिलें, हें स्तुत्य होय. परंतु वरचा डोंगर उघडाच राहिला तर तें पुन्हां गाळानें भरेल.

वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पाण्याचे पुष्कळ दावे पाहिले. वरच्यानें पाणी अडविलें म्हणून खालचा फिर्याद करितो. वरच्यानें गवत राखिलें म्हणून खालच्यानें त्याचें ऋण फेडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. चराईबंदी करा, असें शहरांत बसून म्हणणें सोपें आहे. पण ज्या धनगराचीं मेंढरें त्या गवतावर जगतात, त्यानें आमच्या नळासाठीं उपाशी कां राहावें?

म्हणून आमची विनंति अशी कीं, निधीचा चौथा हिस्सा बालाघाटचे माळ राखणाऱ्या कुटुंबांस कडबा व मजुरी देण्याकडे लावावा. हें दुष्काळनिवारण नव्हे, असें कांहीं सभासदांस वाटतें. टँकरनें आजची तहान भागते, व ती भागविलीच पाहिजे. परंतु दर दुष्काळीं केवळ टँकरच धाडणें म्हणजे व्याज भरीत राहून मुद्दल तसेंच ठेवणें होय.

ज्यांस पैसा देणें शक्य आहे त्यांनीं तो द्यावा. ज्यांस नाहीं त्यांनीं कडब्याची एक पेंढी द्यावी.