‘नको’ या शब्दाचे मोल



कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. शेपटापुरती ती खरी असेल. स्वभावाविषयी मात्र ती टिकत नाही. ग्वाल्हेरपासून झाशीच्या रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरवर टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तेथील राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून याची साक्ष देत आहे. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे जुने संस्थान. तेथील चपळ शिकारी कुत्र्यांच्या जातीतील ‘रिया’ टेकनपुरात शिकली आणि २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलिस कर्तव्य मेळाव्यात तिने पारितोषिक मिळविले.

पोलिसांच्या श्वानास माग काढण्याइतकाच आणखी एक धडा आवश्यक असतो. तो म्हणजे परक्या हातचे किंवा वाटेत पडलेले अन्न नाकारणे. विषारी तुकड्याने श्वानाचा घात होऊ शकतो. हाच धोका शेतकऱ्याच्या राखणदार कुत्र्यालाही आहे. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू निर्माण करते. प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिंधी आतड्यात अडकते. शिजविलेल्या हाडाच्या किरचा आतडे फाडतात.

पिलू वहाणा चावते ते खोडसाळपणाने नव्हे. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. मोठे कुत्रे मात्र कंटाळा, भूक, जंत अथवा अपुरा आहार यांमुळे नको ते खाते. म्हणून प्रथम जंतांचे औषध, पुरेसे अन्न व रोजचा व्यायाम यांची व्यवस्था करावी. वहाणा व औषधे उंचावर ठेवावीत आणि चावण्यासाठी जाड दोराची गाठ द्यावी.

त्यानंतर शिक्षणास आरंभ करावा. मुठीत भाकरीचा तुकडा धरून ‘नको’ म्हणावे. पिलू मूठ हुंगेल, चाटेल. मूठ उघडू नये. त्याने तोंड मागे घेताच शाबासकी देऊन दुसऱ्या हातातील अधिक चांगला घास द्यावा. हे साधल्यावर तुकडा उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, मग दोरी धरून फिरविताना वाटेवर आणि शेवटी परक्या माणसाच्या हाती ठेवावा. तोंडात धरलेली वस्तू हिसकावू नये. ‘सोड’ म्हणून बदल्यात खाऊ द्यावा. हिसकावल्यास कुत्रे ती घाईने गिळते. मागाहून मारणे व्यर्थ होय, कारण शिक्षेचा त्या चुकीशी असलेला संबंध त्यास उमगत नाही. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटांचा सराव पुरेसा होतो.

विष खाल्ल्याचा संशय येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता, विषाचे वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

शाळेतील शिक्षकांनी हा धडा मुलांना करून दाखवावा. मुले पिलाशी सर्वाधिक खेळतात, आणि मारण्याऐवजी शिकविण्याची सवय त्यांनाही लागेल. शेपूट वाकडे राहिले तरी चालेल. राखणदार जिवंत राहिला पाहिजे.