चषक, खेळाडू आणि मालक



आपल्या पनवेलहून सुटणारा महामार्ग थेट गोव्याला जातो. त्याच्या खड्ड्यांचा विषय आज आम्ही बाजूला ठेवतो आणि एकदम गोव्यात उतरतो.

तेथील धेंपो क्लबाने २००५ ते २०१२ या काळात देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याचीच मुले तेथे वर्षानुवर्षे टिकली. का टिकली? पगार वेळेवर हवा, हे खरेच. पण थोरला चषक येथेच मिळेल ही खात्रीही लागते. खेळाडूच्या पायातली उमेद दहा-बारा वर्षांची. तो दुसरीकडे गेला तर त्याला कृतघ्न म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्यालाही संसार आहे.

आता आपल्या मुंबईकडे पाहा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला! शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे म्हणून. हेतू चांगला, पण ज्या प्रेक्षकांनी त्या संघाला आपले मानले, त्यांना विचारले कोणी?

पुढे २०१६ साली देशातील स्पर्धेच्या नव्या रचनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मोठ्या चषकाचा मार्ग त्यांच्यापुरता बंद झाला. धेंपोने गोव्याच्या लीगमधला आपला संघ मात्र मोडला नाही.