जाणत्यांचें नेतृत्व आणि भूगर्भांतील कर्बवायु

राज्यकारभारांतील बहुतेक प्रश्न असे असतात कीं, त्यांवर सामान्य नागरिकाला स्वतःच्या अनुभवावरून कांहींतरी मत बनवितां येतें. धान्य महाग झालें, रस्ता खचला, शाळेंत शिक्षक नाहीं, हें कळण्यास कोणा पंडिताची गरज लागत नाहीं. परंतु कांहीं प्रश्न याहून निराळ्या जातीचे असतात. कारखान्यांच्या धुरांड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायु, पकडून तो जमिनीच्या पोटांत कायमचा कोंडून ठेवावा कीं नाहीं, हा त्यांपैकींच एक होय. एक हजार मीटर खोल कोंडलेला वायु तेथेंच आहे कीं निसटला, हें मतदाराला दिसत नाहीं, तसेंच मंत्र्यालाहि दिसत नाहीं. दोघांनाहि जाणत्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. मग या जाणत्यानें काय सांगावें, किती सांगावें आणि कोठें थांबावें, हा खरा प्रश्न उरतो.

प्रथम ही क्रिया थोडक्यांत समजून घेणें इष्ट आहे. धूर अमाइन नांवाच्या रसायनांच्या द्रावणांतून नेला म्हणजे तें द्रावण कर्बवायु शोषून घेतें. द्रावण तापविलें कीं वायु पुन्हा सुटा होतो. तो दाबून, नळांतून किंवा जहाजांतून नेऊन, विहिरीच्या वाटेनें खोल सच्छिद्र वालुकाश्मांत सोडतात. त्या वालुकाश्माच्या कणांमधील फटींत खारें पाणी भरलेलें असतें. त्याला बाजूस सारून वायु आंत शिरतो. सुमारे ८०० मीटरांच्या खालीं दाब इतका असतो कीं, तेथें हा वायु दाट द्रवासारखा होऊन थोड्या जागेंत मावतो. वरच्या बाजूस अभेद्य खडकाचा थर झांकणासारखा बसलेला असला, म्हणजे तो वर येऊं शकत नाहीं. पुढें त्याचा कांहीं भाग पाण्यांत विरघळतो, आणि कांहीं भाग खनिजांशीं संयोग पावून दगड होऊन बसतो.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. विजेपुरतें बोलावयाचें तर सूर्य आहे, वारा आहे. सिमेंटचें मात्र तसें नाहीं. चुनखडी भाजल्यावांचून नेहमींचें सिमेंट होत नाहीं, आणि १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली कीं तिच्यांतून ४४ किलो कर्बवायु निघतो; मग भट्टी कशावरहि पेटविलेली असो. हा दोष इंधनाचा नसून दगडाचाच आहे. अशा धंद्यांसाठीं हा उपाय विचारांत घ्यावा लागतो.

या उपायाचा सर्वांत दीर्घ अनुभव नॉर्वेपाशीं आहे. १९९१ सालीं त्या देशानें समुद्रांतील तेल व वायु काढणाऱ्या कंपन्यांवर कर्बवायूबद्दल कर बसविला. त्याच सुमारास उत्तर समुद्रांतील स्लाइप्नर येथील नैसर्गिक वायूंत सुमारे ९ टक्के कर्बवायु असल्याचा प्रश्न पुढें आला होता. ग्राहकांना अडीच टक्क्यांहून अधिक चालत नसे; म्हणजे तो वेगळा काढणें प्राप्तच होतें. वेगळा काढून हवेंत सोडला तर कर द्यावा लागणार. तेव्हां इंजिनियर व भूशास्त्रज्ञ यांनीं तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा नांवाच्या वालुकाश्मांत परत सोडण्याची योजना आंखली, आणि १९९६ सालीं काम सुरू झालें. वर्षाला सुमारे १० लाख टन या बेतानें समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर खोल हा वायु जाऊं लागला.

परंतु या कथेचा महत्त्वाचा भाग वायु सोडण्यांत नसून त्याच्यावर पाळत ठेवण्यांत आहे. जमिनींत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून खडकांचें चित्र काढतां येतें. असें चित्र शास्त्रज्ञांनीं १९९४ सालीं, म्हणजे वायु सोडण्यापूर्वींच, काढून ठेवलें होतें. १९९९ सालीं दुसरें काढलें आणि दोन्ही ताडून पाहिलीं. तेव्हां असें दिसलें कीं, वायु वालुकाश्मांतल्या पातळ चिकणखडकांच्या पापुद्र्यांतून वाट काढीत नऊ थरांत पसरला असून तीनच वर्षांत वरच्या झांकणापर्यंत पोंचला आहे. झांकण शाबूत होतें. परंतु आंतली वाट शास्त्रज्ञांच्या आधींच्या कल्पनेहून निराळी निघाली. त्यांनीं ही गोष्ट दडविली नाहीं. युरोपांतील अनेक संशोधनसंस्थांनीं मिळून ती चित्रें अभ्यासिलीं आणि प्रसिद्ध केलीं. स्लाइप्नरबद्दल जो विश्वास पुढें उत्पन्न झाला, तो अंदाज तंतोतंत खरा ठरल्यामुळें नव्हे, तर अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक उघडपणें मांडला गेल्यामुळें उत्पन्न झाला.

हाच धडा आणखी दोन ठिकाणीं मिळाला. नॉर्वेच्याच उत्तर टोंकाकडील स्नोविट येथें २००८ सालीं वायु सोडण्यास आरंभ झाला. परंतु खडकांतील दाब अपेक्षेहून लवकर चढूं लागला. मापनावरून तें वेळींच कळलें आणि २०११ सालीं दुसऱ्या थरांत वायु सोडण्याची व्यवस्था करण्यांत आली. आल्जीरियांतील इन सलाह येथें वाळवंटाचा पृष्ठभाग वर्षाला कांहीं मिलिमीटर उचलला जात असल्याचें उपग्रहांनीं टिपलें, आणि झांकणाच्या खडकाबद्दल शंका येऊन २०११ सालीं काम थांबविण्यांत आलें. विहीर बंद करण्याचा सल्ला देण्याचें धैर्य हेंहि तज्ज्ञाच्या नेतृत्वाचेंच अंग आहे. किंबहुना त्याची खरी कसोटी तेथेंच लागते.

एखाद्या प्रकल्पावरचें शहाणपण राष्ट्रांच्या कायद्यांत उतरण्यास मधला एक दुवा लागतो. तो २००५ सालीं मिळाला. आयपीसीसी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें त्या वर्षीं या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला; नेदरलँड्सचे बर्ट मेट्झ आणि सिएरा लिओनचे ओगुनलादे डेव्हिडसन हे त्या कार्याचे अध्यक्ष होते. त्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष असा कीं, नीट निवडलेल्या व नीट सांभाळलेल्या ठिकाणीं कोंडलेल्या वायूपैकीं ९९ टक्क्यांहून अधिक भाग शंभर वर्षांनंतरहि तेथेंच राहण्याचा फार मोठा संभव आहे, आणि हजार वर्षांनंतरहि तसाच राहण्याचा संभव आहे. यांतील दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक, ‘नीट निवडलेल्या व नीट सांभाळलेल्या’ ही अट. दुसरी, शंभर वर्षांबद्दल वापरलेला शब्द हजार वर्षांबद्दल वापरतांना सौम्य केला, हा विवेक. हें विधान अभयपत्र नाहीं. अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी त्यानें राज्यकर्त्यांवर टाकली आहे.

आणि राज्यकर्त्यांनीं ती कांहीं अंशीं उचललीहि. युरोपीय संघानें २००९ सालीं यासंबंधीं कायदेशीर निर्देश काढला. वायु सोडणें बंद झाल्यावरहि त्या जागेची जबाबदारी कंपनीवरच राहते. वायु कायमचा कोंडला गेल्याचा पुरावा पटला, आणि साधारणपणें निदान वीस वर्षें लोटलीं, म्हणजेच ती सरकारकडे जाते. जें कोठार हजार वर्षें टिकावयाचें, त्याचा रखवालदार पांच वर्षांनीं बदलणारें मंत्रिमंडळ असूं शकत नाहीं, ही जाणीव त्या नियमाच्या मुळाशीं आहे.

जेथें उत्साह पुढें आणि हिशेब मागें, तेथें काय होतें हेंहि नॉर्वेनेंच दाखविलें. १ जानेवारी २००७ रोजीं पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनीं मोंगस्टाड येथील कर्बवायु पकडण्याच्या योजनेला चंद्रावरील अवतरणाची उपमा दिली. खर्च वाढत गेला, मुदती टळत गेल्या, आणि २०१३ सालीं ती मोठी योजना सोडून द्यावी लागली. मागें उरलें तें २०१२ सालीं उघडलेलें प्रयोगकेंद्र. पण त्या प्रयोगांचा अनुभव वायां गेला नाहीं. २०२५ सालीं ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यांतील कर्बवायु जहाजानें नेऊन समुद्रतळाखालीं सुमारे २,६०० मीटर खोल सोडण्यास आरंभ झाला. ब्रेविकला पकडला जाणारा वायु वर्षाला ४ लाख टन या बेताचा आहे. हें काम चंद्राइतकें दिपविणारें नसलें तरी तें प्रत्यक्ष चालू आहे.

ब्रिटनमध्यें तज्ज्ञाला याहून निराळी भूमिका करावी लागली. त्या सरकारनें कंपन्यांत स्पर्धा लावून हें कार्य साधण्याचा प्रयत्न दोनदां केला. पहिली स्पर्धा २०११ सालीं निष्फळ ठरली. दुसरी, जिच्यासाठीं १०० कोटी पौंड राखून ठेवले होते, ती नोव्हेंबर २०१५ मध्यें एकाएकीं रद्द झाली. त्यानंतर लॉर्ड ऑक्सबर्ग यांच्या अध्यक्षतेखालीं एक सल्लागार गट नेमला गेला. ते स्वतः भूशास्त्रज्ञ. केंब्रिजला प्राध्यापक, इंपीरियल कॉलेजचे प्रमुख, आणि कांहीं काळ शेल कंपनीचेहि अध्यक्ष. २०१६ च्या अहवालांत त्यांनीं सांगितलें कीं, अडचण यंत्रांची नाहीं, मांडणीची आहे. वायु पकडणें, वाहून नेणें आणि सांठविणें या सर्वांचा धोका एकाच कंपनीच्या गळ्यांत बांधला तर कोणीहि पुढें येणार नाहीं. म्हणून हीं कामें वेगळीं करावीं आणि आरंभीं सरकारी कंपनीनें पुढाकार घ्यावा. सरकारी कंपनीची सूचना मान्य झाली नाहीं. परंतु वाहतूक व सांठवण यांना वेगळा परवाना व वेगळें नियंत्रण असावें, हें तत्त्व २०२३ च्या कायद्यांत आलें. सल्ला अर्धा मान्य होणें हेंहि लोकशाहींत स्वाभाविक आहे.

मात्र तज्ज्ञाचा शब्द म्हणजे अंतिम शब्द नव्हे. रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेक्ट या गांवाखालीं रिकामीं झालेलीं वायुक्षेत्रें आहेत. तेथें कर्बवायु कोंडण्याची शेल कंपनीची योजना होती, आणि ती सुरक्षित असल्याचा निर्वाळा जाणत्यांनीं दिला होता. तथापि घरांच्या खालीं हें काय येणार, आणि तें आमच्याच गांवीं कां, असा सवाल रहिवाशांनीं केला. त्याला खडकांच्या गणितांत उत्तर नव्हतें. नोव्हेंबर २०१० मध्यें डच सरकारनें ती योजना सोडली. पुढें त्याच देशानें समुद्राखालच्या रिकाम्या वायुक्षेत्रांची वाट धरली, आणि पोर्थोस या योजनेला २०२३ सालीं हिरवा कंदील मिळाला. बारेंड्रेक्टच्या लोकांना भूशास्त्र येत नव्हतें, म्हणून त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा ठरत नाहीं. धोका किती, हें तज्ज्ञानें सांगावें. तो कोणीं पत्करावा, हें ज्यांना पत्करावयाचा आहे त्यांना विचारल्यावांचून ठरवूं नये.

आणखी एका आक्षेपाला बगल देऊन चालणार नाहीं. या शास्त्रांतील जाणते बहुतांशीं तेलाच्या धंद्यांतच तयार झालेले आहेत. कारण खोल खडकांची विद्या तेथेंच वाढली. पकडलेल्या वायूचा मोठा भाग आजहि जुन्या विहिरींतून अधिक तेल ढकलून काढण्यासाठींच वापरला जातो. शिवाय जगांत खनिज इंधनांपासून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायु निघतो, आणि तो पकडणाऱ्या सर्व कारखान्यांची मिळून ताकद सुमारे ५ कोटी टनांचीच आहे; म्हणजे सातशें टनांत जेमतेम एक टन. हा आंकडा जो तज्ज्ञ आधीं सांगतो, तोच विश्वासास पात्र होय. धूर कमी करण्याचें काम पुढें ढकलण्यासाठीं सबब म्हणून हा उपाय पुढें करणारा नेता नव्हे, तो केवळ वकील.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध दूरचा नाहीं. आइसलँडमध्यें २०१२ पासून कर्बवायु पाण्यांत विरघळवून काळ्या बेसाल्ट खडकांत सोडण्याचे प्रयोग झाले. त्यांतील ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आंत दगड झाल्याचें शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच जातीचा. दख्खनच्या पठारावर तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. यामुळेंच संशोधकांची दृष्टि इकडे वळली आहे. २०२२ सालीं मुंबईच्या आयआयटींत या विषयाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं नीति आयोगानें आपला अहवाल काढला. परंतु याच पाषाणानें ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंपहि पाहिला आहे. धरणांत सांठलेल्या पाण्याच्या भारानें व दाबानें जमिनींतील जुन्या भेगा हलूं शकतात, हें जगाला शिकविणाऱ्या उदाहरणांत कोयनेची गणना होते. खडकांत द्रव दाबून भरण्याचा विचार करतांना हें स्मरण सोडून चालणार नाहीं. आइसलँडचा आशादायक आंकडा आणि कोयनेची आठवण, दोन्ही एकाच टेबलावर मांडणारा सल्लागार महाराष्ट्राला हवा.

वैद्यानें रोग्याला औषधाचा गुण सांगावा, पथ्य सांगावें, आणि औषध कोठें लागू पडणार नाहीं हेंहि सांगावें. घ्यावयाचें कीं नाहीं हें रोग्यानें ठरवावें. राष्ट्राच्या बाबतींतहि हाच न्याय लागू पडतो. जमिनीच्या पोटांत काय चाललें आहे हें जाणण्यास जनतेपाशीं डोळे नाहींत. ते डोळे तिला जाणत्यांकडून उसने घ्यावे लागतात. म्हणूनच वायु सोडण्यापूर्वीं पहिलें चित्र काढून ठेवलें आहे काय, दुसरें काढून प्रसिद्ध करणार काय, आणि दोन्ही जुळलीं नाहींत तर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न कोणाहि नागरिकानें विचारावेत. ते विचारण्यास भूशास्त्राची पदवी लागत नाहीं, आणि त्यांचीं उत्तरें सरळ देणें हेंच जाणत्यांच्या नेतृत्वाचें पहिलें कर्तव्य होय.