जळलेल्या रंगमंदिराचे वारस

शहर बदलूं लागलें म्हणजे जुने वाडे, तळीं व नाटकगृहें नाहींशीं होतात, हें सर्वांस दिसतें. परंतु तेथें नांदणारी कला कोठें जाते, हें सहसा कोणी पाहत नाहीं. कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

कंबोडिया स्वतंत्र झाल्यावर या नगरास नवें रूप आलें. १९६३ मध्यें तेथें एखाद्या लांबलचक चाळीसारखी पांढरी इमारत उभी राहिली. १९६८ मध्यें वान मोलिवान या स्थापत्यकाराचें राष्ट्रीय रंगमंदिर उघडलें. पुढें १९७५ मध्यें ख्मेर रूजच्या सैन्यानें सारें शहर रिकामें करविलें. १९७९ पर्यंतच्या त्या राजवटींत बहुसंख्य राजनर्तक व त्यांचे गुरु प्राणांस मुकले. त्यांची विद्या पोथीपेक्षां बोटांच्या वळणांतच अधिक होती. गुरु गेला कीं पाठही गेला.

जे वांचले, त्यांतील कित्येकांनीं त्या पांढऱ्या इमारतींत बिऱ्हाडें केलीं व नवे शिष्य तयार केले. १९९४ मध्यें दुरुस्ती चालू असतांच रंगमंदिर आगींत सांपडलें. तरीही त्या भग्न वास्तूंत तालमी चालू राहिल्या. अखेर २००८ मध्यें ती वास्तु पाडली गेली. २०१७ मध्यें पांढरी इमारतही गेली.

आतां वारसांपुढें पेंच असा, कीं इतक्या कष्टानें वांचविलेल्या मुद्रेंत बदल करावा काय? न करावा, तर पर्यटकांच्या जेवणाबरोबर दाखविण्याची ती एक शोभेची वस्तु होण्याचें भय. करावा, तर उरलेंसुरलें हरवण्याचें भय.

एमान्युएल फुऑन या नृत्यरचनाकर्त्रीनें ‘ख्मेरोपेदी’ या रचनांत मार्ग दाखविला आहे. तेथील रामकथेच्या मुखवटानाट्यांत वानराची भूमिका शिकलेल्या नर्तकांनीं खऱ्या वानरांच्या हालचालीही न्याहाळल्या व आपली परंपरागत चाल नव्यानें तपासली. जुना अभ्यास मुळींच सोडला नाहीं. त्यालाच प्रश्न विचारले.

नृत्यानें पडलेली भिंत उभी राहत नाहीं, उठविलेल्या कुटुंबास घर मिळत नाहीं. तें काम राज्यकर्त्यांचें आहे. परंतु विद्येस जुन्याच छपराची गरज नाहीं. शिकविणारा व शिकणारा यांना एकत्र बसण्यापुरती जागा मात्र हवी. तेवढी जागा प्रत्येक बदलत्या शहरानें राखावी, हेंच नॉमपेन्हचें सांगणें आहे.